मंगळवारची ती खोली परत उघडा

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, मा. जिल्हा शल्य चिकित्सक आणि मा. शिक्षणाधिकारी

साहेब, नमस्कार.

मी कोकणातल्या एका तालुक्याच्या गावात एसटी स्टँडसमोर झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान चालवते, गेली तेरा वर्षं. जिल्ह्याचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, कारण आमचा भाग एवढा लहान आहे की नाव लिहिलं की माझी मुलगी कोण ते संध्याकाळच्या आत मच्छी मार्केटात सगळ्यांना कळेल. तुम्हाला कळायला अडचण नाही, माझे दोन अर्ज तुमच्या ऑफिसात आहेत. हे पत्र मुलीनं वाचलंय. तिनं दोन ओळी खोडल्या त्या मी परत घातल्या नाहीत, बाकी सगळं तिला विचारून लिहितेय.

कारण असं झालं की आमच्या इथल्या सरकारी रुग्णालयात मैत्री क्लिनिक आहे, तिथे समुपदेशक ताई होत्या, मंगळवारी आणि शुक्रवारी. त्यांचा करार अकरा महिन्यांचा होता तो संपला आणि पुढे वाढवलाच नाही. गौरी-गणपतीचं विसर्जन झालं त्याच्या पुढच्या मंगळवारपासून खोलीला कुलूप. मी अर्ज केला, दीड महिन्यानं चार ओळींचं उत्तर आलं की सदर पद रिक्त असून वरिष्ठ कार्यालयास कळवण्यात आले आहे, तोपर्यंत टेलिमानस हेल्पलाइनचा (मनाच्या त्रासासाठीची सरकारी फोनसेवा) लाभ घ्यावा. ते उत्तर मी दुकानात मशीनवर ठेवून तीनदा वाचलं. मग ठरवलं की आता सगळ्यांसमोर लिहायचं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, मैत्री क्लिनिक म्हणजे राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमातलं मुलांसाठीचं केंद्र, हा कार्यक्रम जानेवारी २०१४ ला सुरू झाला, १० ते १९ वर्षांच्या मुलामुलींसाठी. पाळीबद्दल, शरीराबद्दल, व्यसनाबद्दल, मनाबद्दल, जे घरात विचारता येत नाही ते तिथे विचारायचं. पैसे लागत नाहीत. मला स्वतःला हे गेल्या वर्षापर्यंत माहीत नव्हतं आणि माझं दुकान तिथून पाच मिनिटांवर.

माझ्या मुलीला दहावीला ९३ टक्के पडले, २०२४ ला. त्या वर्षी कोकण विभागाचा दहावीचा निकाल ९९.०१ टक्के लागला, राज्यात पहिला, दरवर्षीसारखा. नाक्यावर बॅनर लागला, त्यात तिचा फोटो होता. अकरावीला सायन्स घेतलं, घ्यायचंच होतं, दुसरं काही असतं हे कुणी म्हणालंही नाही, मी पण नाही. दिवाळीनंतर सुरू झालं. रोज सकाळी सव्वासातच्या गाडीच्या वेळेला पोटात दुखायचं. रविवारी दुखायचं नाही. डॉक्टर झाले, सोनोग्राफी झाली, रक्त तपासलं, सगळं नॉर्मल. गॅसच्या गोळ्या दिल्या. मग जेवण कमी झालं, मैत्रिणींचे फोन उचलणं बंद झालं, केस विंचरायला सांगायला लागायचं. सासूबाई म्हणाल्या, "चेडवाक कोणाची तरी नजर लागली हा." देवळात गेलो, गाऱ्हाणं घातलं, कौल लावला, म्हणजे देवाला विचारलं. गुरवकाकांनी कौल घेतला आणि मग मला बाजूला घेऊन म्हणाले, "देवाचा काम देव करतलो गो, पण चेडवावांगडा कोणीतरी शिकलेला माणूस बोलाक व्हया." म्हणजे पोरीशी कुणीतरी शिकलेल्या माणसानं बोलायला पाहिजे. त्या माणसाचे उपकार मी विसरणार नाही.

एका रात्री दोन वाजता मागीलदारी गेले तर ही पायरीवर बसलेली, पाऊस चालू, पाय भिजलेले. म्हटलं काय होतंय तुला. म्हणाली, "आई, मला काही होत नाहीये, मला काही वाटतच नाहीये." मी आई आहे, पण याच्यावर काय बोलायचं मला येत नव्हतं. मी तिला टॉवेल दिला आणि दूध गरम केलं. एवढंच सुचलं.

दुसऱ्या दिवशी आमच्या वाडीच्या आशा सेविकेनं मैत्री क्लिनिकचं सांगितलं. जुलैमधला मंगळवार होता. पहिल्या वेळी ही पन्नास मिनिटं आत होती, मी बाहेर बाकावर. बाहेर आली आणि म्हणाली मला वडापाव हवाय. आठ महिन्यांत तिनं स्वतःहून खायला मागितलेलं ते पहिलं.

थेरपी म्हणजे काय हे मला तिच्या वहीवरनं कळलं. ताईंनी दोनशे पानी वही आणायला सांगितली होती आणि पानावर मध्ये रेघ मारायला लावली. डावीकडे लिहायचं डोक्यात काय आलं, उजवीकडे लिहायचं खरंच काय झालं. एक पान तिनं मला दाखवलं होतं, डावीकडे होतं, सरांनी माझ्याकडे बघितलं नाही म्हणजे त्यांना कळलंय मी ढ आहे, आणि उजवीकडे, सर फळ्यावर लिहीत होते. मी ते वाचून दुकानात रडले. तेवढ्याशा रेघेत पोरीचं अख्खं वर्ष होतं. मग कॉलेजच्या पायऱ्या ठरवल्या. पहिल्या दिवशी युनिफॉर्म घालून फक्त माझ्या दुकानापर्यंत यायचं आणि बसायचं. मग गेटपर्यंत. मग एक तास, तो पण मराठीचा. पोटात दुखलं तरी परत फिरायचं नाही, दुखणं किती आहे ते दहापैकी आकड्यात वहीत लिहायचं आणि थोडं थांबायचं, आकडा आपोआप उतरतो का ते बघायचं. उतरायचा. नवावरनं चारावर यायचा. मला ताईंनी वेगळं बोलावून सांगितलं की जेवलीस का, झोपलीस का, बरं वाटतंय का हे दिवसातनं दहा वेळा विचारू नका, तिच्याजवळ नुसत्या बसा, काहीतरी हातात घेऊन. मग आम्ही संध्याकाळी खोबरं खवत बसायचो, एक नारळ ती, एक मी. तिला बोलायचं असेल तेव्हा ती बोलायची.

असे सहा मंगळवार झाले. गणपतीच्या आदल्या दिवशीचा सहावा. ताईंना तेव्हा स्वतःलाच खात्री नव्हती, करार वाढेल असं त्यांना सांगितलं होतं म्हणे, त्यामुळे त्या म्हणाल्या गणपती झाले की भेटू. सातव्याला गेलो तर कुलूप. शिपाई म्हणाला मॅडम बंद झाल्या. मॅडम बंद झाल्या, असंच म्हणाला. मुलीनं त्या आठवड्यात वहीत काहीतरी लिहून आणलं होतं जे तिनं मलाही सांगितलं नव्हतं, ताईंनाच सांगायचं ठरवलं होतं. तिनं वही परत दप्तरात ठेवली. रिक्षा स्टँडपर्यंत गप्प होती आणि मग विचारलं, "आई, मी त्यांना काही चुकीचं सांगितलं काय, म्हणून त्या येत नाहीत?"

साहेब, तुमच्या कागदावर पद रिक्त आहे. माझ्या मुलीला वाटलं तिच्यामुळे माणूस निघून गेलं. ज्या पोरीला आधीच सगळं आपल्यामुळे बिघडतंय असं वाटतं तिच्यासमोर तुम्ही दाराला कुलूप लावलंत आणि कुणी एक शब्द सांगितला नाही. मी तुमच्यावर राग काढायला लिहीत नाहीये, पण हे तुम्हाला माहीत असायला पाहिजे.

आता माझं गाऱ्हाणं एकेक करून सांगते.

पहिलं तर हेच, बंद करायची पद्धत. रस्त्याचं काम थांबलं तर रस्ता तिथेच राहतो, पुढच्या ठेकेदारानं तिथनं सुरू करावं. हे तसं नाहीये. सहा वेळा बसून मुलानं जो विश्वास टाकलेला असतो तो फाइलीत ठेवता येत नाही. करार संपतोय हे तुम्हाला अकरा महिने आधी माहीत होतं, तारीख त्या कागदावरच असते. निदान दोन भेटी आधी मुलांना सांगता आलं असतं, शेवटची भेट शेवटची म्हणून घेता आली असती, पुढे कुणाकडे जायचं ते नाव लिहून देता आलं असतं. त्या ताईंकडे तेव्हा किती मुलं येत होती मला नक्की माहीत नाही पण बाकावर आम्ही आठ-नऊ आया असायचो. त्यातल्या एकीला पण फोन आला नाही.

दुसरं, टेलिमानस. १४४१६ हा नंबर चांगला आहे, फुकट आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलतात, ऑक्टोबर २०२२ पासून आहे. मी तो दुकानात काचेवर लावलाय आणि हे वाचणाऱ्या कुणालाही रात्री-बेरात्री जिवाचं बरंवाईट करावंसं वाटत असेल तर आत्ता लावा, लाजू नका, आणि घरातल्या एका माणसाला उठवा. पण ती रात्रीची सोय आहे, मंगळवारच्या ऐवजी ती कशी चालेल? आमच्या घरात रेंज येत नाही, सड्यावर चढून जावं लागतं, पावसात तिथे उभं राहून सतरा वर्षांची मुलगी मनातलं बोलणार आणि खालनं गुरं घेऊन जाणारे दोघं ऐकणार. तिनं एकदा लावला पण. समोरच्या बाई नीट बोलल्या, पण पुढच्या वेळी दुसरंच कुणीतरी होतं आणि परत पहिल्यापासून सांगायला लागलं. वहीतली डावी बाजू, उजवी बाजू, पोटाचे आकडे, हे सगळं ज्याला माहीत आहे असं एकच माणूस पाहिजे, ठरलेल्या वारी, हातात दोनशे पानी वही घेऊन समोर बसणारं.

तिसरं, अंतर. आम्हाला जिल्ह्याला जा म्हणून सांगितलं. जाऊन येऊन १४० किलोमीटर. बाईमाणसांना एसटीचं अर्ध तिकीट आहे म्हणून भाडं परवडतं, पण दिवस कसा परवडेल, तिचं कॉलेज बुडतं आणि माझं दुकान बंद राहतं, आणि जे कॉलेज परत जोडायला सहा आठवडे घालवले तेच बुडवून उपचाराला जायचं. आम्ही गेलो तरी एकदा. तिथले डॉक्टर खरंच चांगले होते, पण बाहेर एवढी माणसं बसलेली की त्यांना आमच्यासाठी पाचेक मिनिटं मिळाली. ते स्वतः म्हणाले हिला गोळ्यांपेक्षा बोलणाऱ्या माणसाची गरज जास्त आहे, तुमच्याकडे होत्या ना मॅडम. गोळ्यांना माझा विरोध नाही, ज्याला लागतात त्यानं घ्याव्या, बंद पण मनानं करू नये. पण डॉक्टर वेगळा आणि समुपदेशक वेगळा, दोन्ही कामं वेगळी आहेत.

प्रायव्हेटला तासाचे हजार रुपये सांगितले. आठवड्याला हजार. माझी कमाई झेरॉक्सच्या पानावर चालते, तुम्हीच गुणा.

आणि साहेब हे आमच्यावर मेहेरबानी म्हणून मागत नाहीये. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ चा आहे, मे २०१८ पासून लागू आहे, मी दुकानात प्रिंट काढून वाचलाय. कलम १८ म्हणतं की प्रत्येकाला सरकारी मानसिक आरोग्य सेवा मिळायचा हक्क आहे, परवडणारी, चांगल्या दर्जाची, पुरेशी आणि जवळ. लांबचा प्रवास करायला लागता नये असं त्यात लिहिलंय, मुलांसाठीची सेवा वेगळी नमूद केलीय. कलम ३१ मध्ये आहे की कायदा लागू झाल्यापासून दहा वर्षांत लोकसंख्येच्या मानानं पुरेशी तज्ज्ञ माणसं उभी करायचा प्रयत्न सरकारनं करायचा. ती दहा वर्षं मे २०२८ ला संपतात, आणि आमच्या तालुक्यात होतं ते एक माणूस पण कमी झालं.

चौथं शिक्षणाधिकारी साहेबांसाठी. २५ जुलै २०२५ ला सुप्रीम कोर्टानं विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांबद्दल निकाल दिला, त्यात सगळ्या शाळा-कॉलेजं-क्लाससाठी नियम घालून दिलेत. शंभर किंवा जास्त विद्यार्थी असतील तिथे निदान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजसेवक नेमायचा, कमी असतील तर बाहेरच्या तज्ज्ञाशी रीतसर जोडून घ्यायचं. शिक्षकांना आणि बाकी स्टाफला वर्षातनं दोनदा ट्रेनिंग. हेल्पलाइनचे नंबर वर्गात, हॉस्टेलात दिसतील असे लावायचे. आणि प्रत्येक जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली देखरेख समिती करायची. निकाल लागला तो माझ्या मुलीचा पहिला मंगळवार होऊन तीन दिवस झाले होते म्हणून मला तारीख पाठ आहे. आमच्या इथल्या कॉलेजात चारशेच्या आसपास मुलं आहेत. मी चौकशी केली तर सांगितलं की समुपदेशक म्हणून पीटीच्या सरांचं नाव पाठवलंय. सर माणूस भला आहे, पण त्यांच्याकडे पाच वर्ग, क्रीडा स्पर्धा आणि निवडणुकीची ड्युटी आहे, आणि ज्या मुलाला पीटीच्या सरांचीच भीती वाटते त्यानं कुणाकडे जायचं.

निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेनं २०१५-१६ ला जो राष्ट्रीय सर्व्हे केला त्यात १३ ते १७ वयाच्या मुलांत मानसिक आजाराचं प्रमाण ७.३ टक्के आलं होतं. चारशेला लावून बघा, पंचवीस-तीस मुलं होतात. एका कॉलेजात. आणि राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यात २०२२ या एका वर्षात देशात १३,०४४ विद्यार्थी आत्महत्येनं गेले, त्यातले १,७६४ आपल्या महाराष्ट्रातले, सगळ्या राज्यांत जास्त. निकालात पहिले आल्याचा बॅनर लागतो तसा हा आकडा कुठे लागत नाही. माझं म्हणणं निकालाला नावं ठेवायची नाहीत, आमची पोरं कष्ट करतात, लांबनं चालत येतात, शिक्षक जीव तोडून शिकवतात. पण मी निकालाच्या दिवशी दुकानात असते. दुपारी एक वाजता साइट उघडते आणि पोरं काउंटरला गोळा होतात, प्रिंट निघत असताना मी त्यांचे हात बघते. ८४ टक्के मिळालेला एक मुलगा यंदा ती प्रिंट घेऊन तासभर दुकानाच्या मागे उभा होता, घरी जायला तयार नव्हता. मी त्याला चहा दिला आणि दुकान बंद करून घरापर्यंत सोडायला गेले. दरवेळी मला दिसेलच असं नाही ना.

पाचवं, खोलीचं. क्लिनिक चालू होतं तेव्हा पण खोलीला नीट बंद होणारं दार नव्हतं, कडी तुटलेली, मध्येच कुणीतरी सलाइनचे खोके ठेवायला यायचं. बाहेर एकच बाक, शेजारी एचआयव्ही तपासणीची खोली. बाकावर बसलं की येणारा-जाणारा बघणार, आणि शिपाई नाव घेऊन हाक मारणार, आडनावासकट. तुम्ही शहरात असाल तर कळणार नाही, आमच्याकडे आडनाव म्हणजे वाडी, घर, आजोबा सगळं कळतं. आमच्या भागात कुणाला चिडवायचं तर अजून "याला रत्नागिरीला न्यायला पाहिजे" म्हणतात, तिथे मनोरुग्णालय आहे म्हणून. ते रुग्णालय किती जणांना जगवतं याचा विचार कुणी करत नाही. माझ्या मुलीनं पहिल्या दिवशी ओढणी डोक्यावरनं घेतली होती. कायद्यात गोपनीयतेचा हक्क आहे, कलम २३. एक कडी आणि नंबरचे टोकन, याला किती निधी लागतो?

अजून एक, वयाचं. मैत्री क्लिनिक १९ पर्यंत. विसाव्या वर्षी मन आपोआप बरं होतं काय? आमच्या शेजारचा मुलगा बावीसचा आहे, मुंबईला कंपनीत होता, काम सुटलं म्हणून परत आला. चाकरमानी म्हणून गेलेला मुलगा रिकामा परत आला की गावात काय बोलतात तुम्हाला ठाऊक आहे. मच्छीमारीची बंदी असते तेव्हा, जून-जुलै, तो आणि अजून चौघं दिवसभर जेटीवर बसलेले असायचे, संध्याकाळी बाटली. त्याची आई माझ्याकडे आली की तुझी मुलगी जायची तिथे याला नेऊ काय. मी ताईंना विचारलं होतं. त्या म्हणाल्या आणा, वय बघून मी दार लावणार नाही. दोनदा आला तो. आता तो परत जेटीवर आहे.

पुराच्या मुलांचं तर कुणी नावच काढत नाही. माझी बहीण चिपळूणला असते. २२ जुलै २०२१ च्या पुरात ते सगळे रात्रभर माळ्यावर होते, भाचा तेव्हा अकरा वर्षांचा. पंचनामा झाला, भांड्यांचे कपड्यांचे पैसे आले, चिखल निघाला. तो आता पंधराचा आहे. अजून जोराचा पाऊस सुरू झाला की अभ्यास करता करता उठतो आणि दप्तर वरच्या खोलीत नेऊन ठेवतो, रात्री तीन वाजता सुद्धा. त्याला आपण असं करतो हे लक्षातही येत नाही. निसर्ग वादळ झालं, तौक्ते झालं, तळियेला दरड कोसळली, कोकणात अशी किती दप्तरं वर जात असतील.

आणि एक गोष्ट जी लोक अजून घाबरून लपवतात. बाजूच्या वाडीतल्या एका मुलानं दोन वर्षांपूर्वी जिवाचं बरंवाईट करायचा प्रयत्न केला, देवानं वाचवला. घरच्यांनी पोलिसांच्या भीतीनं सगळ्यांना पडला म्हणून सांगितलं, आणि पडला म्हटल्यावर पायाचे उपचार झाले, मनाचे झालेच नाहीत. कायद्याच्या कलम ११५ प्रमाणे असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरायचं, त्याला शिक्षा करायची नाही, उलट सरकारनं त्याची काळजी घ्यायची, उपचार द्यायचे. हे सात वर्षं झाली तरी आमच्या ग्रामसभेत कुणी सांगितलेलं नाही. आता मी सांगत फिरते, पण माझं ऐकून घरच्यांनी मुलाला आणलं तर आणायचं कुठे, ती खोली बंद आहे.

मागण्या साध्या आहेत.

समुपदेशकाचं पद भरा, आणि बारावीची परीक्षा फेब्रुवारीत आहे, त्याच्या आधी भरा. भरती व्हायला वेळ लागणार असेल तर जिल्ह्याच्या मानसिक आरोग्य पथकातलं एक माणूस आठवड्यातनं एक दिवस आमच्याकडे पाठवा, पण दरवेळी तेच माणूस आणि तोच वार. आधीच्या ताई यायला तयार असतील तर त्यांनाच पहिल्यांदा विचारा. करार संपणार असेल तर दोन महिने आधी मुलांना आणि पालकांना सांगायचं आणि पुढच्या माणसाच्या हातात सोपवून मगच जायचं, हा नियम लेखी करा. खोलीला कडी लावा, खोके हलवा, नावाऐवजी टोकन द्या, बाक आतल्या बाजूला घ्या. एकोणीसच्या वरच्या मुलांना पंचविशीपर्यंत त्याच खोलीत एक दुपार ठेवा, मुलगे कामावर असतात म्हणून शक्यतो चारनंतरची. कोर्टानं सांगितलेली जिल्हा समिती झाली असेल तर तिच्या बैठका कधी झाल्या, कुठल्या कॉलेजात खरा समुपदेशक आहे आणि कुठे नुसतं नाव आहे, ती यादी जाहीर करा. झाली नसेल तर करा, आणि त्यात दोन आया आणि दोन मुलं घ्या, नुसते अधिकारी नकोत.

शिक्षकांचं ट्रेनिंग पण कराच, पण ते दुपारच्या चहासकट उरकायचं शिबिर नको. मुलगा वर्गात बोलायचा बंद झाला, डबा परत न्यायला लागला, सारखं पोट दुखायला लागलं, तर ओरडायच्या आधी काय विचारायचं आणि कुणाकडे पाठवायचं एवढं प्रत्येक सरांना-बाईंना आलं तरी खूप मुलं वेळेवर पोचतील. माझी पोचायला आठ महिने लागले.

मुलगी आता कशी आहे असं विचाराल तर सांगते. कॉलेजला जातेय, आठवड्यातनं चार दिवस. वही लिहितेय. आकडे कधी चार कधी सात. ताईंनी शिकवलेलं ती एकटी करतेय आणि मला तिचा अभिमान आहे, पण ते सातव्या मंगळवारचं पान तसंच आहे, मी उघडून बघितलेलं नाही, ते माझ्यासाठी लिहिलेलं नाही.

येत्या मंगळवारपासून आम्ही त्या बाकावर असलेल्या आयांपैकी सहा जणी सकाळी अकरा ते एक तिथे येऊन बसणार आहोत. घोषणा नाहीत, बॅनर नाही, कुणाच्या कामात अडथळा नाही, शिपायाला पण काही बोलणार नाही. हातात भाजी-बिजी काहीतरी निवडायला घेऊ. खोली उघडेपर्यंत दर मंगळवारी येऊ. तुमच्यापैकी कुणी आलात तर बाकावर जागा करून देऊ.

आपली,
एसटी स्टँडसमोरची झेरॉक्सवाली, एक आई